परदेशातला पगार आणि सिन्नरचा जामीनदार

जून-जुलै उजाडला की आमच्या वस्त्यांमध्ये सत्कारांची धामधूम सुरू होते. कोणाची मुलगी इंग्लंडला निघालेली असते, कोणाचा मुलगा जर्मनीला, कोणाचा अमेरिकेला. विहारात त्रिसरण-पंचशील होते, शाल आणि पुष्पगुच्छ होतो, आणि प्रत्येक वक्ता कोलंबिया विद्यापीठाचे नाव घेतो. हे सारे अभिमानाचेच आहे. ज्यांच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता, त्यांची नातवंडे समुद्र ओलांडतात, ही फुले-शाहू-आंबेडकरी चळवळीची कमाई आहे. पण या साऱ्या भाषणांत एका माणसाचे नाव कोणी घेत नाही. तो म्हणजे बँकेच्या कागदावर सही केलेला जामीनदार. बहुतेक वेळा तो बाप असतो, कधी मामा, कधी थोरला भाऊ. मुलगा परदेशात कमावता झाला म्हणजे कर्ज फिटले, असे समाज धरून चालतो. कायदा तसे धरून चालत नाही. म्हणून या प्रश्नाचा हिशेब आज समाजबांधवांसमोर मांडणे आम्हाला गरजेचे वाटते.

आधी हे विचारले पाहिजे की आमच्या मुलांवर कर्ज काढण्याची पाळी आलीच का? १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, तेव्हा त्यांनी सरकारसमोर सरळ हिशेब ठेवला. बनारस आणि अलीगढच्या विद्यापीठांना जसे सरकारी अनुदान मिळते, तसे अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठीही मिळाले पाहिजे. त्यातून दरसाल तीन लाख रुपयांची तरतूद झाली आणि त्यातूनच आमचे काही विद्यार्थी विलायतेला गेले. बाबासाहेबांनी सरकारकडे मुलांसाठी कर्ज मागितले नव्हते, शिष्यवृत्ती मागितली होती. शतकानुशतके ज्यांना शिक्षण नाकारले, त्यांच्या शिक्षणाचा खर्च हे राज्याचेच देणे आहे, ही त्यामागची भूमिका होती.

आज काय स्थिती आहे? केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. तिच्या एकूण जागा १२५, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जातींची लोकसंख्या वीस कोटींहून अधिक आहे. वीस कोटींमागे ११५! तेवढ्याही जागा सुखाने मिळत नाहीत. जुलै २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी फक्त ४० जणांना पहिल्या फेरीत पत्रे दिली गेली, आणि बाकीच्यांना निधी उपलब्ध झाला तर पत्र मिळेल असे सांगण्यात आले. परदेशी विद्यापीठ सप्टेंबरात सुरू होते आणि आमचे सरकार जुलैमध्ये तिजोरी चाचपते. त्याआधी २०२२ मध्ये याच योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातील सामाजिक प्रश्नांवरचे विषय वगळण्यात आले. म्हणजे सरकारच्या पैशाने परदेशात जाऊन जातिव्यवस्थेचा अभ्यास करायचा नाही! महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. तिच्या जागा ७५. संपूर्ण महाराष्ट्रातल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी ७५.

ज्यांना शिष्यवृत्ती मिळत नाही, त्यांना निदान कर्जाच्या व्याजात सवलत मिळावी म्हणून दोन योजना होत्या. अल्पसंख्याकांसाठी 'पढो परदेश' होती, तिच्यात बौद्धांचाही समावेश होता. दुसरीला तर बाबासाहेबांचेच नाव होते. 'डॉ. आंबेडकर व्याज अनुदान योजना' ही इतर मागासवर्गीय आणि आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी होती. दोन्ही योजना २०२२-२३ पासून बंद करण्यात आल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मोठा गाजावाजा करून मंजूर झालेली 'पीएम विद्यालक्ष्मी' योजना देशातल्या निवडक संस्थांपुरती आहे, परदेशी शिक्षणाला तिचा उपयोग नाही. शिष्यवृत्तीचा दरवाजा अरुंद ठेवायचा, व्याज सवलतीचा दरवाजा बंद करायचा आणि कर्जाचा दरवाजा सताड उघडा ठेवायचा, असे हे धोरण आहे. राज्याचे देणे अशा रीतीने गुपचूप आमच्या बापाच्या नावावर चढवले जाते.

आता सिन्नरकडे पाहू. मुसळगाव आणि माळेगावच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जाणारा, किंवा ज्याच्या आईने आयुष्यभर विड्या वळल्या असा आमचा माणूस मुलाला परदेशी पाठवायचे ठरवतो. बँकेचा नियम असा की चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण नाही, साडेसात लाखांपर्यंत तिऱ्हाईत जामीनदार लागतो आणि त्यापुढे तारण लागते. परदेशातले शिक्षण साडेसात लाखांत होत नाही. मग हा माणूस सातबारा काढून आणतो. तो आणतो कोणता? बऱ्याचदा वतनाच्या जमिनीचा.

याच सिन्नरला ऑगस्ट १९४१ मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली महार, मांग आणि वेठ्यांची परिषद भरली होती. वतनाच्या जमिनींवर सरकारने लादलेल्या वाढीव आकारणीच्या विरोधात ती परिषद होती. ज्या जमिनीच्या मोबदल्यात पिढ्यान्पिढ्या राबवून घेतले, तिच्यावरच वर कर, हा तो अन्याय होता. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने नाहीशी झाली आणि जमिनी पुन्हा नावावर झाल्या, पण नव्या अविभाज्य शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय त्या जमिनीचे हस्तांतरण करता येत नाही. म्हणून बँकेच्या पॅनेलवरचा वकील टायटल पाहतो आणि शेरा मारतो की ही मिळकत तारणास योग्य नाही. शिवाय शेतजमिनीवर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली वसुली करता येत नसल्याने बँकांना शेतजमीन मुळातच नको असते. त्यांना बिगरशेती प्लॉट हवा, पक्के घर हवे. तो प्लॉट आणि ते पक्के घर कोणाकडे असते, हे वेगळे सांगायला नको. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढवा भागातील महार वतनाच्या जमिनीचा प्रचंड व्यवहार दस्त नोंदणीपर्यंत पोचल्याचे प्रकरण साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. बड्यांसाठी या जमिनीचा दस्त नोंदवला जातो, आणि आमच्या माणसाला तीच जमीन मुलाच्या फीसाठी गहाण टाकता येत नाही.

मग उरतात खासगी वित्त कंपन्या. त्या विनातारण कर्ज देतात, पण व्याजाचा दर चढा असतो, आणि कित्येकदा मुलगा शिकत असतानाच व्याजाचा हप्ता सुरू होतो. बापाला सहकर्जदार करून घेतात. कागद इंग्रजीत, अक्षर बारीक आणि सह्या वीस ठिकाणी.

आकडे मांडून पाहू. समजा तीस लाखांचे कर्ज, व्याज ११ टक्के, अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि त्यानंतर हप्ते सुरू होण्याआधीची सवलत एक वर्षाची. या तीन वर्षांत सरळ व्याज धरले तरी ९ लाख ९० हजार रुपये साचतात आणि ते मुद्दलात मिळवले जातात. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या आधीच कर्ज जवळपास चाळीस लाखांचे झालेले असते. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ५५ हजार रुपये हप्ता. पंधरा वर्षांत फेडायचे तर सुमारे साडेपंचेचाळीस हजार. हप्ता साडेनऊ हजारांनी हलका झाल्यासारखा वाटतो, पण एकूण भरणा ६६ लाखांवरून ८२ लाखांच्या घरात जातो. पाच वर्षांच्या त्या मुदतीची किंमत जवळपास सोळा लाख रुपये! आणि शिकत असताना व्याज भरत राहावे, म्हणजे बोजा वाढणार नाही, असा सल्ला जे देतात, त्यांना आमचे सांगणे आहे की या कर्जाचे नुसते व्याज महिन्याला साडेसत्तावीस हजार होते. सिन्नरच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार ते कोठून भरणार?

मुलाला परदेशात नोकरी लागली की त्याच्या पहिल्या पगारावर चार हक्कदार उभे राहतात: बँक, घर, समाज आणि तो स्वतः. आणि येथे दोन टोकांचे सल्ले त्याच्या कानावर येतात. एक म्हणतो, आधी सगळे कर्ज फेड, एक पैसाही शिल्लक ठेवू नकोस. दुसरा म्हणतो, कर्ज चालू राहू दे, पैसा शेअर बाजारात लाव. हे दोन्ही सल्ले ज्यांच्या घरी आधीपासून शिल्लक आहे, त्यांच्यासाठी आहेत. त्यांच्या मुलाची नोकरी गेली तर बापाची फिक्स डिपॉझिट मोडते. आमच्या मुलाची नोकरी गेली तर बापाचे घर जाते.

कारण कायदा स्पष्ट आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते. बँकेने आधी मुलाकडे वसुली करावी आणि मग बापाकडे यावे, असे बंधन बँकेवर नाही. मुलगा लंडनला आहे आणि बाप सिन्नरला आहे. नोटीस कोणाच्या दारावर चिकटणार? हप्ते थकले की सिबिल दोघांचेही बिघडते आणि धाकट्या बहिणीच्या शिक्षणाला कर्ज मिळायचेही बंद होते.

परदेशातली नोकरीही आता पूर्वीसारखी भरवशाची राहिलेली नाही. अमेरिकेत शिक्षणानंतर कामाची परवानगी एक वर्षाची असते, विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना आणखी दोन वर्षे मिळतात, पण पहिल्या वर्षी एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली तर दुसरी शोधायला ६० दिवस मिळतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तर देशाबाहेरून येणाऱ्यांसाठीच्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले गेले. इंग्लंडमध्ये पदवीनंतर दोन वर्षे थांबता येत होते. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ती मुदत दीड वर्षावर आणायचे तेथील सरकारने ठरवले. कर्ज दहा-पंधरा वर्षांचे आणि परवाना दीड-दोन वर्षांचा, अशी ही विषम जोडी आहे.

म्हणून आमचे मत असे आहे की पहिल्या पगारातली पहिली बचत जामीनदाराच्या संरक्षणासाठी व्हावी. सहा महिन्यांचे हप्ते, दोन-तीन महिन्यांचा तेथला राहण्याचा खर्च आणि परतीचे तिकीट एवढी रक्कम आधी बाजूला पडली पाहिजे. वरच्या उदाहरणात सहा हप्त्यांचेच सव्वातीन लाखांच्या वर होतात. ही रक्कम साचेपर्यंत नेमका हप्ता भरावा, जादा एक रुपयाही भरू नये. कारण बँकेत जादा भरलेला रुपया संकटात परत मागता येत नाही. दुसरे काम, मुलाने कर्जाएवढा मुदतीचा आयुर्विमा उतरवावा. हा विषय अशुभ वाटून घरात टाळला जातो, पण मुलगा गेला तरी कर्ज जात नाही, ते बापाच्या डोक्यावर राहते.

ही शिदोरी झाली की मग मात्र ढिलाई करू नये. अकरा टक्क्यांचे कर्ज डोक्यावर असताना सहा-सात टक्क्यांच्या ठेवीत पैसा ठेवणे हा तोट्याचा धंदा आहे. बदलत्या व्याजदराच्या अशा वैयक्तिक कर्जावर मुदतीआधी फेड केल्यास बँकेला दंड लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. तेव्हा बोनस मिळाला, पगार वाढला, की तो मुद्दलात भरावा आणि हप्ता कमी करण्याऐवजी मुदत कमी करून घ्यावी. बँकेला तसे लेखी कळवावे आणि नवे वेळापत्रक मागून घ्यावे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात आठ वर्षे वजावट मिळते म्हणून कर्ज लांबवा, असेही सांगितले जाते. ही वजावट जुन्या करपद्धतीतच आहे, आणि ज्याचे भारतात करपात्र उत्पन्नच नाही त्याला तिचा काडीचा उपयोग नाही.

रुपयाचाही विचार केला पाहिजे. बाबासाहेबांनी लंडनमध्ये अर्धपोटी राहून रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि १९२३ साली तो ग्रंथरूपाने आला. विनिमयाचा दर बदलला की कोणाचा तरी फायदा आणि कोणाचे तरी नुकसान होते, ही गोष्ट आमच्या मुलांनी स्वतःच्या हप्त्यात पाहावी. ५५ हजारांचा हप्ता डॉलर ६० रुपयांना असताना ९१७ डॉलरला पडतो, तोच ८५ रुपयांना ६४७ डॉलरला पडतो. म्हणजे कर्ज रुपयात आणि कमाई डॉलरमध्ये असेल, तर रुपया घसरल्यावर फेड सोपी होते. उलट काही परदेशी संस्था डॉलरमध्येच कर्ज देतात. ते घेऊन मुलगा भारतात परतला, की रुपयात कमवायचे आणि डॉलरमध्ये फेडायचे. या सापळ्यात सहसा पाय घालू नये.

तथागतांनी गृहस्थाला दरिद्री राहण्याचा उपदेश केलेला नाही. सिगालोवाद सुत्तात त्यांनी कमाईचे चार भाग सांगितले. एक भाग उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी आणि चौथा आपत्काळासाठी. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत 'अनणसुख' म्हणजे ऋणमुक्त असण्याचे सुख गणले आहे. आपत्काळाचा भाग वेगळा काढणे आणि ऋणातून मोकळे होणे, या दोन्ही गोष्टी धम्माने गृहस्थाला सांगितल्या आहेत. एकीसाठी दुसरी सोडायची नाही.

बाबासाहेबांचे चरित्रही हेच सांगते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिन्याला साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली, ती दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. तो करार पाळायला ते १९१७ साली बडोद्याला गेले. पण तेथे महाराला राहायला जागा मिळाली नाही, आणि ही ज्ञानसूर्याची अवहेलना इतिहासात नोंदली गेली. लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी त्यांनी काय केले? १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात साडेचारशे रुपये पगाराची नोकरी धरली. पगार मोठा, पण राहणे परळच्या चाळीतच. त्यातून शिल्लक टाकली. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले आणि जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. आधी शिल्लक, मग मदत आणि उरलेल्या रकमेपुरतेच कर्ज, असा तो क्रम होता. कर्जही अशा माणसाचे, जो घरावर जप्ती आणणार नव्हता.

येथे समाजाची जबाबदारी येते. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा असे सांगितले. परदेशात गेलेल्या मुलांवर 'समाजाला विसरला' असा शेरा मारण्याची घाई आपल्याकडे फार होते. पण आधी त्याच्या मानेवरचे जोखड पाहा. नोकरी गेली तर व्हिसा जातो, व्हिसा गेला तर हप्ता थकतो, हप्ता थकला तर बापाचे घर जाते. अशा मुलाला तेथल्या कचेरीत सवर्ण वरिष्ठाने जात विचारली, तर तो तक्रार करील की मान खाली घालील? फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली, त्यामागे तेथल्या आंबेडकरी कार्यकर्त्यांची झुंज होती. असा कायदा वापरायलाही पाठीशी सहा महिन्यांची शिल्लक लागते. कर्ज माणसाचे तोंड बांधते. म्हणून त्याची शिल्लक ही चळवळीचीही ताकद आहे. कर्जात असेतोवर विसावा हिस्सा त्याने वेळेच्या आणि मार्गदर्शनाच्या रूपाने द्यावा. मागून येणाऱ्या मुलाचा अर्ज तपासून द्यावा, विद्यापीठ कोणते खरे आणि कोणते नुसते फी उकळणारे हे सांगावे. ऋणमुक्त झाल्यावर रोख द्यावा.

आणि जे येथे आहेत, त्यांनी सिन्नरपासूनच सुरुवात करावी. तालुक्यातल्या निवृत्त बँक कर्मचारी, शिक्षक आणि वकील बांधवांनी विहारात महिन्यातून एक दिवस बसावे आणि सही करण्यापूर्वी कर्जाचा कागद पालकांना मराठीत वाचून दाखवावा. शिष्यवृत्तीच्या जाहिराती वेळेत पोचवाव्यात, कारण कर्जाआधी शिष्यवृत्तीचा आणि महात्मा फुले महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाचा अर्ज झालाच पाहिजे. सत्काराच्या शाली कमी करून तो पैसा अडचणीतल्या हप्त्यासाठी ठेवावा.

शासनाकडे मागण्याही स्पष्ट हव्यात. राष्ट्रीय आणि राजर्षी शाहू शिष्यवृत्तीच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात वाढवा आणि निवडपत्र विद्यापीठ सुरू होण्याच्या तीन महिने आधी द्या. बंद केलेली व्याज सवलत पुन्हा सुरू करा आणि तिच्यात अनुसूचित जातींना थेट स्थान द्या. वतनाच्या जमिनीवर शैक्षणिक कर्जापुरते तारण करण्याची परवानगी ठरावीक मुदतीत द्या, पण थकबाकीत ती जमीन समाजाबाहेर जाणार नाही अशी तरतूदही करा. परदेशात नोकरी गेलेल्या कर्जदाराला वर्षभर हप्त्यांत सूट द्या.

१९४१ साली आमच्या वाडवडिलांनी सिन्नरला जमून वतनाच्या जमिनीवरील आकारणीला विरोध केला होता. आज तीच जमीन बँकेला चालत नाही आणि मुलाचे ज्ञान बँकेकडे गहाण पडले आहे. या वर्षी ज्या घरात कर्जाचा कागद येईल, त्या घराने सही करण्याआधी चार जाणत्यांना तो दाखवावा, आणि ज्यांची मुले परदेशात कमावती आहेत त्यांनी एवढेच विचारावे: बाळा, सहा महिन्यांची शिदोरी बाजूला पडली का?

जयभीम!